कंपनांची नोंद नेहमी त्याच बिंदूवर घ्या

यंत्राच्या कंपनांवरून त्याची स्थिती ओळखायची असेल, तर एखाद्या सुट्या मोजणीपेक्षा ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदींची मालिका कितीतरी अधिक सांगून जाते. मात्र त्या सर्व नोंदी बेअरिंगच्या हाउसिंगवर (बेअरिंग ज्यात बसते त्या कवचावर), नेमक्या त्याच बिंदूवर आणि शक्यतो त्याच वेगाला व भाराला घेतलेल्या असल्या पाहिजेत. त्यासाठी बिंदूवर ठळक खूण करावी आणि चुंबकी सेन्सर बसवण्यापूर्वी तिथला गंज, ग्रीस व सुटलेला रंग काढून टाकावा. पंख्याच्या पातळ आवरणावर सेन्सर लावल्यास केवळ पत्र्याची थरथर मोजली जाते. आडव्या व उभ्या दिशेबरोबर शाफ्टच्या दिशेनेही मोजावे. हे तिसरे वाचन अनेकजण वगळतात, पण अलाइनमेंट (जोडलेल्या शाफ्टची एका रेषेतली जुळणी) बिघडल्याचे पुष्कळदा तेच दाखवते.

स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे याचा आलेख, वाचताना आधी फिरण्याची वारंवारता काढावी. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे २५ हर्ट्झ. तिथे एकच उंच शिखर असेल, तर प्रथम असंतुलन (फिरत्या भागाचे वजन एका बाजूला जास्त असणे) तपासावे. त्याच्या दुप्पट, म्हणजे ५० हर्ट्झवरचे शिखर वाढत असेल, तर अलाइनमेंट. आणि २५, ५०, ७५, १०० अशी शिखरांची रांगच दिसली, तर पायाचे बोल्ट व बेअरिंगची बसवणूक. बेअरिंगमधील सुरुवातीचा दोष मात्र कंपनाच्या एकूण वेगाच्या (मिलिमीटर प्रतिसेकंद) वाचनात बहुधा उमटत नाही. तो उच्च वारंवारतेच्या त्वरणात आधी दिसतो, आणि त्याची शिखरे सहसा फिरण्याच्या वारंवारतेच्या पूर्णांक पटीत नसतात. म्हणून मिलिमीटर प्रतिसेकंद या आकड्याबरोबर त्वरणाची नोंदही प्रत्येक वेळी जपून ठेवावी.