घरी मुळाक्षरं शिकवताय? या चुका टाळा

मूल 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत घडाघडा म्हणतं, पण दुधाच्या पिशवीवरचा 'म' कुठला असं विचारलं की मनात पुन्हा 'क'पासून सुरुवात करतं. म्हणजे चाल पाठ झाली, अक्षर ओळखीचं झालंच नाही. भिंतीवरचा तक्ता काही दिवस उतरवा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते करा आणि सुरुवातीला चारच अक्षरं घ्या: म, ग, र, न. पत्ते पिसून मांडले की त्यांतून मगर, गरम, नरम, नगर, मन असे शब्द जुळतात. वाचता आलेला पहिला शब्द मुलाला जो हुरूप देतो, तो अख्खी बाराखडी म्हणून येत नाही.

तक्त्यातली चित्रं हा आणखी एक घोळ. 'ए' एडक्याचा, 'ऐ' ऐरणीचा, 'औ' औताचा! फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाने यातलं काय पाहिलंय? (त्याच्या आईबाबांनी तरी ऐरण पाहिली असेल का, शंकाच आहे.) 'क' कढईचा, 'प' पोळीचा, 'ड' डब्याचा करा. घरभर फिरून 'प'च्या वस्तू शोधायला लावा. 'ण' आणि 'ळ'ने मात्र मराठी शब्द सुरू होत नाहीत, तेव्हा तिथे खेळ उलटा करा: "बाळ, फळ, गूळ... शेवटी काय ऐकू आलं?"

'च', 'ज', 'झ' इथे जरा सांभाळून. चमच्यातला 'च' आणि चंद्रातला 'च' कानाला वेगळे लागतात, लिहायला एकच. दोन्ही एकाच दिवशी आणले की मूल गोंधळतं. आधी चमचा, चाक, चटई पक्के होऊ द्या. चंद्र आणि चित्र नंतर.

'घ-ध' आणि 'भ-म' यांची गल्लत होतेच. शाळेत 'ग म भ न' एकत्र घेतात ते लिहिण्याच्या वळणासाठी, आणि ते बरोबरही आहे. नुसत्या ओळखीसाठी मात्र 'म' पक्का झाल्यावरच 'भ' आणावा. मग डोक्यावरची रेघ दाखवा: 'म' आणि 'घ'वर ती सलग असते, 'भ' आणि 'ध'वर तुटलेली.

तीन-साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन पानं भरून घेण्याची घाई नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ३ ते ८ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात भर खेळातून शिकण्यावरच आहे. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, ताटातल्या रव्यात किंवा पाटीवर ओल्या बोटाने अक्षर गिरवणं, यातून बोटांत बळ येतं.

पाहुणे आले की "म्हणून दाखव बरं" हे तर बंदच करा. खेळाची परीक्षा झाली की पुढच्या वेळी पत्ते काढताच मूल पळ काढतं. दहा मिनिटं पुरेत, आणि ते कंटाळायच्या आत आपणच आवरायचं.

अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढलं तरी लगेच घाबरू नका. सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं तसं करतात. त्यानंतरही तेच चालू राहिलं, किंवा सारखे आवाज ऐकून वेगळे ओळखता येत नसतील, तर वर्गशिक्षकांशी बोला आणि डोळे-कान तपासून घ्या.