फुकटातली इंटर्नशिप वाया चालली असेल तर काय करायचं, सोलापूरच्या पोरापोरींसाठी

मागच्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या पोरीचा फोन आला, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, रडवेल्या आवाजात म्हणाली ताई तीन आठवडे झाले मी नुसतं झेरॉक्स काढलाले, पैसे तर नाहीतच पण शिकले पण काही नाही. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं लिहिते, कारण माझंही अगदी हेच झालं होतं आणि तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं.

सगळ्यात आधी तास मोजा. खरंच, आज रात्रीच बसून मोजा. कॉलेजची ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून करायची इंटर्नशिप) ४ क्रेडिटची असेल तर १ क्रेडिटला ३० तास धरून ती १२० तासांची होते, म्हणजे रोज ६ तास बसलात तर २० दिवस. आता बघा की तुम्ही किती दिवस जाताय. मी दोन महिने रोज ८ तास गेले, रविवार सोडून, म्हणजे ४०० च्या वर तास झाले, आणि १२० पुरले असते हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं! आपल्या कोर्सला नक्की किती तास लागतात ते सिलॅबसमध्ये बघा नाहीतर कॉलेजमधल्या गाइड सरांना विचारा, मैत्रिणीला विचारून चालत नाही, कारण कोर्सप्रमाणे फरक पडतो. तास पूर्ण झाले असतील तर पुढं जात राहायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, पुढचा प्रत्येक दिवस तुम्ही त्यांना फुकट देताय.

मग पैशाचं. नुसत्या इंटर्नला स्टायपेंड द्यायलाच पाहिजे असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळं इंटर्नशिपच्या पत्रात पैशाचा उल्लेख नसेल तर नंतर भांडून फार हाती लागत नाही. पण पत्र नीट वाचा. अप्रेंटिस म्हणून १९६१ च्या कायद्याखाली करार झाला असेल तर स्टायपेंड द्यावाच लागतो. आणि कोणी उलट तुमच्याकडूनच सर्टिफिकेटचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागत असेल तर तिथं एक दिवस पण थांबू नका. पैसे नसले तरी पेट्रोल किंवा रिक्षाचं तरी द्याल का असं विचारायला लाजू नका, केगावहून अक्कलकोट रोड एमआयडीसीला रोज जायचं म्हणजे घरच्यांच्या खिशातूनच जातं ते, आणि विचारल्यावर कधीकधी मिळतं पण.

आता मुख्य गोष्ट, काम मागायचं कसं. मी टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात होते, पहिला महिना चलनं फाइलला लावण्यात गेला. मी वाट बघत बसले की कोणीतरी येईल आणि शिकवेल. कोणी येत नाही ओ. त्यांना वेळ नसतो, आणि आपल्याला काय येतं ते त्यांना माहीत पण नसतं. "सर मला काहीतरी शिकवा" असं म्हटलं की ते म्हणतात हो बघू, आणि विषय संपतो. त्याच्याऐवजी एक ठरावीक काम मागा, आणि ते शोधायचं कसं तर ऑफिसात रोज कशावरून कटकट होते ते दोन दिवस कान देऊन ऐका. आमच्याकडं रोज संध्याकाळी रिजेक्ट मालावरून आवाज चढायचा. चेकिंग टेबलवर बाजूला काढलेले टॉवेल रजिस्टरला नुसते नगात लिहायचे, कशामुळं रिजेक्ट झाले ते कोणी लिहीतच नव्हतं. मी सुपरवायझर काकांना म्हटलं, काका मी रोज दुपारी अर्धा तास चेकिंगला उभी राहते आणि डाग किती, धागा तुटलेले किती, शिलाई खराब किती, साइज कमी किती असं एक्सेलला टाकते, चालेल का? ते म्हणाले टाक की, कोण नको म्हणतंय.

तीन आठवड्यांत कळलं की डागाचा माल सगळ्यात जास्त होता आणि तोही ठरावीक दिवसांनाच. का, ते मला शोधता आलं नाही, तेवढे दिवस उरले नव्हते. पण तो एक तक्ता घेऊन मी पुढच्या इंटरव्ह्यूला बसले आणि समोरच्यांनी मला वीस मिनिटं फक्त त्याच्यावरच विचारलं. सर्टिफिकेट त्यांनी उघडून पण बघितलं नाही.

काका लोकांना गाठायचं ते सकाळी नाही, सकाळी माल भरायची गडबड असते. जेवण झाल्यावर गाठा. शेंगाचटणी-भाकरी एकत्र खाताना जे बोलणं होतं ते केबिनमध्ये होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप करणार असाल तर एवढंच लिहा: "सर, माझे अजून १० दिवस आहेत. रोज १ तास मला बिलिंगच्या ताईंच्या शेजारी बसून टॅलीतल्या एंट्र्या बघता येतील का? बाकीचं माझं काम मी पूर्ण करूनच बसेन." (टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर.) हो किंवा नाही म्हणता येईल असं मागितलं की उत्तर येतं. माझ्यासारखा तक्ता बाहेर दाखवण्याआधी मात्र पार्टीची म्हणजे गिऱ्हाइकांची नावं, रेट, आकडे काढून टाका आणि एकदा परवानगी घ्या, त्यांचा धंदा आहे तो.

रोज रात्री पाच ओळी लिहा, तारीख, किती वाजता गेले, काय केलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. शेवटी रिपोर्ट लिहायला तीच डायरी कामाला येते, नाहीतर सगळेजण नेटवरून उचलतात आणि व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला अडकतात. गाइडकडं तक्रार घेऊन जायची वेळ आली तरी हीच डायरी दाखवायची.

दोनदा नीट मागूनही काही बदललं नाही तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत गाइड सरांकडं जाच, शेवटच्या आठवड्यात गेलात तर ते पण काही करू शकत नाहीत. जागा बदलून मागा आणि झालेले तास धरतील का ते लेखी घ्या. सोलापुरात टेक्स्टाइल आणि युनिफॉर्मवाल्यांशिवाय पण जागा आहेत, सीए लोकांची ऑफिसं, हॉस्पिटलचं बिलिंग, पतसंस्था. छोट्या जागेत कधीकधी जास्त शिकायला मिळतं कारण माणसंच कमी असतात.

एक गोष्ट मात्र सहन करायचीच नाही. कोणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा बिनपगारी इंटर्न मुलींना पण लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं, तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. त्या दिवसापासून कामावर जाऊ नका आणि घरी सांगा, इंटर्नशिप गेली तर गेली.

अजून एक, बरेच जण म्हणतात हे सोडून सरकारी योजनेतली पैसेवाली धरतो. २०२४ ला पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, महिन्याला ५,००० ची, आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, पदवीधरांना १०,००० ची. पण दोन्ही शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नव्हत्या, त्यामुळं हातातलं सोडायच्या आधी अटी वाचा. डिग्री झाल्यावर जरूर बघा.

निघताना न सांगता गायब होऊ नका, दोन ओळींचं पत्र द्या आणि सर्टिफिकेट आधीच मागून ठेवा, दिवाळीच्या किंवा गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर गेलात तर सही करणारी माणसंच भेटत नाहीत. हातात आलं की तिथंच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, किती तास, आणि तुम्ही खरं काय काम केलंत ते एका ओळीत, हे सगळं आहे का बघा, नसेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या, आणि शिक्का मारलाय का तेवढं बघून मगच गेटच्या बाहेर पडा.