फॅन्टसी शहराचे देव कसे बनवायचे: गल्ली, नवस आणि उधारीची वही

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे फासे टाकून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायच्या खेळात, पहिल्यांदा डीएम (गोष्ट चालवणारी) झाले तेव्हा मी एक्सेलमध्ये २२ देव केले होते. खरंच २२. सूर्याचा, चंद्राचा, युद्धाचा, प्रेमाचा, मग डोकं चालेना तेव्हा वाऱ्याचा एक आणि वादळाचा वेगळा, प्रत्येकाचं चिन्ह, रंग, शत्रू, सगळं भरलेलं. रविवारी घोडबंदर रोडला मित्राच्या फ्लॅटवर खेळायला बसलो, ऐरोलीहून येणारे दोघं कळव्याच्या पुलावर अडकून तासभर उशिरा आले, आणि त्यातली जी क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेनं जादू करणारं पात्र, खेळणार होती तिनं चपला काढता काढताच विचारलं, "माझा देव कुठल्या गल्लीत राहतो गं? आधी पाया पडून येते." माझ्याकडे रंग होता, गल्ली नव्हती.

ती शीट मी परत उघडली नाही. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली ती लिहितेय, डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत असाल तरी चालेल, नुसती गोष्ट लिहीत असाल तरी चालेल.

पायरी १: आधी चक्कर मारा

लॅपटॉप बंद करा आणि तलावपाळीला जा. मासुंदा तलावाला एक फेरी मारली की जांभळी नाक्याच्या बाजारात कौपिनेश्वर लागतो, तलावाच्या जवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, मधे भेळ, बोटी, लग्नाची खरेदी. देव आणि भाजीबाजार एकमेकांच्या अंगावर आहेत. शिलाहारांच्या काळात ठाणं म्हणजे श्रीस्थानक, राजधानीच, पण आज तिथे उभं राहिलं की राजधानी दिसत नाही, फुलवाला दिसतो, आणि तुम्हाला हवाय तो फुलवालाच.

आता तुमच्या शहरासाठी एवढंच लिहा: लोक कशाला घाबरतात, आणि ती भीती कुठल्या जागी उभी राहून वाटते. एक भीती, एक जागा, तिथे येणारी एक गर्दी, झाला एक देव. आमच्या शहराचं नाव मिठबंदर, खाडीच्या तोंडावर, मिठागरांच्या मधे. तिथे लोक भरतीला घाबरतात, गाळाला घाबरतात, वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याला घाबरतात आणि पुलावरून रात्री एकट्यानं जायला घाबरतात. यादीत सूर्य नाही, कारण मिठबंदरात सूर्य रोज उगवतो आणि मीठ वाळवतो, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

पायरी २: पाच देव पुरे, आणि प्रत्येकाला दोन नावं

पाचच्या वर गेलात तर प्लेअरच्या लक्षात राहत नाही, माझ्या तर तिसऱ्या सेशनला राहत नाही. आमचे असे: गाळजाई, म्हणजे खाडीतल्या चिखलाची आणि गटारांची देवी. पुलोबा, पुलाच्या सातव्या खांबात राहतो. तागडोबा, बाजारातला, वजनाकाट्याचा. भरतीमाय. आणि वेशीवरचा एक बिननावाचा शेंदूर लावलेला दगड, ज्याला सगळे नुसतं "बाबा" म्हणतात.

गटारांची देवी ऐकून आमच्यातला एक हसला होता. पण रोमन लोकांची क्लोअसीना नावाची देवी होतीच, शहराच्या मुख्य गटाराची, आणि तिचं छोटं देऊळ थेट रोमच्या फोरममध्ये होतं. शहरात गटार तुंबलं की काय होतं हे २६ जुलै २००५ बघितलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दोन नावांचं असं की आपल्याकडे गावातल्या देवाचं पुढे मोठं देऊळ झालं की नाव पण संस्कृत होत जातं. तेच वापरा. गाळजाई कोळीवाड्यात गाळजाईच, पण वाड्यावरच्या लोकांसाठी ती श्री पंकेश्वरी, तिथे तिला चांदीचा मुकुट आहे आणि चिखलाचा नैवेद्य बंद झालाय. दोन्हीकडचे पुजारी म्हणतात खरी देवी आमचीच. यातून मला अख्खी सहा सेशन मिळाली, फुकटात.

आणि प्लीज, "दुष्ट देव" नावाचा खण करू नका. मरीआई घ्या. रोगराई आणते तीच आणि रोगराई थांबवायला लोक जातात तिच्याकडेच, पोतराज तिच्याच नावानं दारोदार फिरतो. शीतलादेवीचं पण तसंच. जिची भीती वाटते तिलाच आई म्हणायचं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, मग गेममध्ये आल्यावर अचानक काळे कपडे घातलेला खलनायक देव कशाला?

पायरी ३: वंशावळ नको, मानपान लिहा

कोण कुणाचा मुलगा याने टेबलवर काही घडत नाही. कुणाची पालखी आधी निघते, याने मारामारी होते. प्रत्येक देवाचं माहेर कुठलं, सासर कुठलं, वर्षातून कुणाच्या दारात थांबतो आणि कुणाच्या दारावरून तोंड फिरवून जातो, एवढं लिहा. खंडोबाचं बघा, एक बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची, दोघींची भांडणं गाण्यांत गातात, आणि त्या एका संसारात दोन समाज एका देवाचे सोयरे होऊन बसतात. आमच्या तागडोबाचं लग्न मी याच हिशोबानं भरतीमायशी लावलं, म्हणून व्यापारी आणि कोळी एकमेकांना जावई-सासरे म्हणतात आणि लुबाडतात पण नात्याला धरून.

शहराचं राजकारण बदललं की देवांचा नंबर पण बदलतो. बॅबिलोनचा मार्दुक आधी एका शहरापुरता होता, शहर मोठं झालं आणि तो सगळ्यांच्या वर जाऊन बसला. रोमन लोक तर शत्रूच्या शहराला वेढा घातला की तिथल्या देवाला रीतसर आमंत्रण द्यायचे, आमच्याकडे या, मोठं देऊळ देतो. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई शहर पडलं तेव्हा तिथली जूनो त्यांनी अशीच रोमला आणली असं सांगतात. म्हणजे देव फोडायचे. आपल्याला यात नवीन काय वाटणार.

उलटं पण होतं. रोममध्ये ज्युपिटरचं मोठं मंदिर बांधायचं म्हणून टेकडीवरचे बाकीचे देव हलवायला घेतले, तर हद्दीचा देव टर्मिनस काही हलेना, शेवटी त्याच्याभोवतीच मंदिर बांधलं आणि त्याच्या डोक्यावर छताला भोक ठेवलं. रस्ता रुंद होतो आणि मधलं देऊळ तसंच राहतं, गाड्या दोन्ही बाजूंनी जातात, ही गोष्ट ठाण्यातल्या माणसाला कल्पना म्हणून सांगायची गरज नाही. आमचा वेशीवरचा बाबा तिथूनच आला.

पायरी ४: जादू म्हणजे नवस, आणि नवस म्हणजे उधारी

इथे जरा वेळ द्या, बाकीचं थोडं कच्चं राहिलं तरी चालेल.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला दोन स्पेल स्लॉट, म्हणजे दोन वेळा मंत्र टाकायचा कोटा, मिळतात, वापरा, रात्रभर झोपा, सकाळी परत भरले. मोबाईल चार्ज केल्यासारखं. खेळायला सोपं आहे, पण देव कुठे दिसतच नाही. त्याच नियमांत एक मस्त गोष्ट आहे, दहाव्या लेव्हलला क्लेरिक थेट देवाला हाक मारू शकतो, शंभराचा फासा टाकायचा, आकडा आपल्या लेव्हलएवढा किंवा खाली आला तरच देव येतो, म्हणजे शंभरात दहा वेळा, आणि एकदा आला की सात दिवस परत हाक मारायची नाही. इथे देव असल्यासारखा वाटतो, कारण तो बहुतेक वेळा येत नाही.

मी स्लॉट ठेवले, छोट्या कामांसाठी, अंगारा लावून ताप उतरवला वगैरे. मोठं काही हवं असेल तर उधारीची वही. वाण्याकडे असते तसली लाल वही खरंच आणली मी, तीन रकाने: काय मागितलं, काय बोललीस, कधीपर्यंत. स्लॉट नसला तरी मागता येतं, आपल्या लेव्हलच्या वरचं पण मागता येतं, देव देतो. पण बोललेलं फेडायचं. मुदत टळली की त्या देवाची छोटी कामं पण बंद, आणि तो मूळ मागणं परत घेत नाही, शेजारचं काहीतरी घेतो. आमच्या क्लेरिकनं पुलावर घेरल्यावर भरतीमायला सांगितलं, पाणी थांबव, तुला १०१ नारळ. पाणी थांबलं, पार्टी वाचली. पण भरती न आल्यामुळे कोळीवाड्यातल्या होड्या दोन दिवस चिखलात रुतून बसल्या आणि लोक काठ्या घेऊन हिला शोधायला लागले. चमत्कार झाला की लगेच स्वतःला विचारा, याचं बिल तिसऱ्या कुणाकडे गेलं. ते नाव लिहून ठेवा, पुढचं सेशन तिथून सुरू होतं.

मेलेल्याला उठवायचा प्रश्न वेगळा घ्या, नाहीतर शहराचा पायाच ढासळतो. नियमांत मृत्यूनंतर दहा दिवसांच्या आत परत आणायचा एक स्पेल आहे, त्याला ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि तो संपून जातो. म्हणजे श्रीमंत मरतच नाहीत. मी बसून विचार करत होते आणि एकदम लक्षात आलं, दहा दिवस! आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात. तेव्हापासून मिठबंदरात हिरा नाही, कावळा आहे. पिंड ठेवा, कावळा शिवला तर माणूस सुखानं गेला, आता कुठलाही देव त्याला आणू शकत नाही. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय, ते शोधा, पुरं करायचं वचन द्या, आणि मग मागून बघा. आमच्या टेबलवर कावळ्यासाठी फासा टाकतात तेव्हा कुणी वेफर्सचं पाकीट पण वाजवत नाही.

पायरी ५: देवाच्या वतीनं कोण बोलतं

पुजारी एक सांगतो, भगत दुसरं, आणि ऐन वेळी अंगात येतं तिसऱ्याच बाईच्या जिला देवळात कुणी विचारत नव्हतं. तिघांनाही थोडं थोडं बरोबर ठेवा. सगळे पुजारी लबाड, हा शॉर्टकट मी एकदा घेतला, दोन सेशनमध्ये प्लेअर्सनी देवांवर विश्वासच ठेवणं सोडलं आणि जादूची सगळी मजा गेली.

हो-नाहीच्या प्रश्नाला कोकणातला कौल वापरा. मूर्तीला फुलाच्या कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं तर नकार. आम्ही स्टीलच्या पेल्याला ओल्या पाकळ्या लावून केलं, एक जण गाऱ्हाणं घालतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" ओरडतात. फक्त पंखा बंद करा, पहिल्या वेळी देवानं चार सेकंदांत दोन्ही बाजूंनी उत्तर दिलं होतं.

पायरी ६: एक सण, तारखेसकट

एकच, पण शहर बंद पडेल असा. चेंदणी कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा बघितली असेल तर कळेल, एका नारळावर सबंध मासेमारीचा हंगाम उघडतो. मिठबंदरात त्या दिवशी पूल बंद, वजनकाटे बंद, उधारीची वही उघडी. सगळ्यांचे नवस त्याच दिवशी फिटतात किंवा बोंबलतात.

एक सांगायचं राहिलं. रीती घ्या, खऱ्या देवांची नावं टेबलवर आणू नका. आम्ही ज्या घरी खेळतो तिथे मित्राची आजी हॉलमध्येच बसलेली असते, तिनं एकदा सगळं ऐकून घेतलं आणि गाळजाईला ओटी कधी भरता एवढंच विचारलं. भरत नव्हतो. आता वहीत चौथा रकाना आहे.

आणि ते १०१ नारळ अजून बाकी आहेत, ४० झालेत. सण पुढच्या रविवारी आहे.