ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) या चुका टाळा: नव्या सिस्टरांसाठी

भूल दिलेला पेशंट काहीच सांगू शकत नाही. हात अवघडलाय, पाठीखाली ओलं लागतंय, थंडी वाजतेय, हे सगळं त्याच्याऐवजी आपल्यालाच ओळखावं लागतं.

सुरुवात भूल देण्याआधीच होते. "तुम्हीच पाटीलकाकू ना?" असं विचारू नका. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव, ऑपरेशन आणि बाजू पेशंटच्याच तोंडून वदवून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची चेकलिस्ट 2008 पासून आहे. तरी केस संपल्यावर एकदम टिकमार्क करून टाकण्याची सवय अजून दिसते, आणि मला तिचा राग येतो.

सगळ्यात घातक चूक काउंटची, म्हणजे मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), सुया आणि हत्यारं मोजण्याची. स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हाती हत्यारं देणारी) आणि फ्लोअर सिस्टर (बाहेरून सामान पुरवणारी), दोघींनी मिळून, मोठ्याने मोजायचं: चीर देण्याआधी, पोट बंद करण्याआधी, त्वचेचे टाके पडताना, आणि मध्येच सिस्टर बदलली तर तेव्हाही. पाच मॉपच्या पाकिटात चारच निघाले, तर ते अख्खं पाकीट बाजूला काढा. रक्ताने भिजलेले दोन मॉप एकमेकांना असे चिकटतात की एकच वाटतो, म्हणून प्रत्येक मॉप पूर्ण उलगडूनच मोजा.

गर्भपिशवीच्या एका ऑपरेशनला माझा एक मॉप कमी भरला. सर टाके घ्यायला निघालेच होते. "सर, थांबा, एक मॉप कमी आहे," एवढं म्हणताना माझा आवाज कापत होता. ते थांबले. पोटात पाहिलं, ड्रेपच्या (पेशंटवर पांघरलेल्या निर्जंतुक कापडाच्या) घड्या, टेबलाखाली, बुटांचे तळ, सगळं पाहिलं. शेवटी मॉप सापडला तो बाहेर नेलेल्या बादलीत. मावशींचा दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून काउंट जुळेपर्यंत मी कचरा आणि कपडे ओटीबाहेर जाऊ देत नाही. नाहीच सापडला, तर पेशंट टेबलावर असतानाच एक्सरे काढायचा. मॉपमधला खास धागा त्यात दिसतो. तो धागा नसलेला साधा गॉज पोटात वापरायलाच देऊ नका.

कॉटरी (विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं यंत्र) चालेना की लगेच पॉवर वाढवू नका, आधी प्लेट पाहा, म्हणजे करंट परत नेणारी, पेशंटच्या अंगाला चिकटवलेली पट्टी. अर्धवट सुटलेली प्लेट सगळा करंट उरलेल्या थोड्याशा जागेतून घेते आणि तिथली कातडी भाजते. प्लेट मांडीसारख्या मांसल, कोरड्या जागी पूर्ण टेकलेली हवी. हाड, दाट केस, जुना व्रण टाळा. कातडी निर्जंतुक करायला लावलेलं स्पिरिटचं प्रेप किमान 3 मिनिटं वाळू द्या. पेशंटखाली साचलेलं स्पिरिट टिपून घ्या, कारण कॉटरीच्या ठिणगीने ते पेटतं.

बाजूला पसरलेला हात 90 अंशांपलीकडे नको. लिथॉटॉमीत (उताणं झोपवून पाय वर टांगलेल्या स्थितीत) दोन्ही पाय दोघांनी एकदमच उचला आणि एकदमच खाली घ्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस पाय टांगायच्या रॉडवर दाबली गेली, तर पेशंट उठेल तेव्हा पाऊल लुळं पडलेलं असेल. तापमान 36 अंशांखाली गेलं तर रक्तस्राव आणि जखम चिघळण्याचा धोका वाढतो. त्यामुळे उघडं ठेवणं गरजेपुरतंच, आणि धुवायचं सलाईन कोमट.

कल्चरला (जंतू वाढवून तपासायला) जायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडे टिकवायच्या द्रावात) टाकू नका, त्यातले जंतू मरतात आणि रिपोर्टला अर्थ राहत नाही. लेबल डबीवर लावा, झाकणावर नाही. लॅबमध्ये चार डब्या एकदम उघडल्या की झाकणं बदलतात.