सोलापुरात इलेक्ट्रिक कार निवडताना: आधी चार्जिंगची जागा, मग बॅटरी, मग गाडी

इलेक्ट्रिक कार घ्यायचे घरात ठरले की पहिला प्रश्न हमखास येतो तो "एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते?" हा. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि त्या जागेपर्यंत पक्की वीज कशी पोहोचणार, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. सोलापुरात बहुतेकांचे रोजचे फिरणे कमी अंतराचे असते आणि देवदर्शनाची, नात्यागोत्याची, व्यापाराची बरीचशी गावे जाऊन-येऊन दीडशे ते दोनशे किलोमीटरमध्ये होतात. त्यामुळे मध्यम बॅटरीची गाडी आणि घरची भक्कम विद्युत जोडणी हा मेळ मोठ्या बॅटरीच्या महागड्या गाडीपेक्षा येथे अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी सध्याच्या गाडीच्या किंवा दुचाकीच्या मीटरवरची रोजची नोंद महिनाभर वहीत लिहून ठेवावी. जुळे सोलापुरातून चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला जाणाऱ्या माणसाचे जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. होटगी रोडवर घर आणि नवी पेठेत दुकान असलेल्या व्यापाऱ्याचे त्याच्या निम्मेही होत नाहीत. मोहोळ, अक्कलकोट, बार्शी अशा ठिकाणी आठवड्यातून ठरावीक दिवशी जाणाऱ्या डॉक्टरांची किंवा वैद्यकीय प्रतिनिधींची गोष्ट वेगळी असते, कारण त्यांचा एखादा दिवस दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. नोंद पाहताना सरासरीपेक्षा महिन्यातल्या सर्वांत लांब दिवसाकडे लक्ष द्यावे आणि तसे दिवस महिन्यातून किती येतात हे पाहावे. बॅटरीचा आकार त्यावरून ठरतो.

घरचे चार्जिंग

या भागावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण गाडी घेतल्यानंतरचे निम्म्याहून अधिक मनस्ताप इथूनच सुरू होतात. गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर साधारणपणे 15 अँपिअरच्या, म्हणजे गीझर किंवा एसीसाठी असतो तशा सॉकेटवर चालतो आणि जास्तीत जास्त 3.3 किलोवॅटच्या आसपास वीज घेतो. रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्या वेळात त्यातून पंचवीसच्या जवळपास युनिट येतात आणि थोडी घट धरूनही सव्वाशे-दीडशे किलोमीटरची सोय होते. ज्याचे रोजचे फिरणे चाळीस-पन्नास किलोमीटर आहे, त्याने 7.2 किलोवॅटच्या वॉल चार्जरसाठी घाई करण्याचे कारण नाही. तो बसवायचा असेल तर घरची जोडणी बहुधा थ्री फेज करून घ्यावी लागते.

मात्र घरात आधीपासून असलेल्या जुन्या सॉकेटवर गाडी लावू नये. गीझर वीस मिनिटे चालतो आणि गाडी आठ तास सलग तेवढाच प्रवाह ओढते, हा फरक फार मोठा आहे. ढिल्या पकडीचे सॉकेट सुरुवातीला नुसते कोमट होते, मग पिनच्या भोकांभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळट आणि नंतर तपकिरी होत जाते आणि जळका वास येईपर्यंत आतली वायर कडक होऊन गेलेली असते. म्हणून मीटरपासून थेट वेगळी ओळ ओढून घ्यावी, तांब्याची चार एमएमची वायर वापरावी, त्या ओळीला स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवावा आणि सॉकेट औद्योगिक दर्जाचे घ्यावे. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून पाहावा. बोट टेकवून ठेवता येत नाही इतका तो तापत असेल तर चार्जिंग तिथेच थांबवावे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. गाडीचा चार्जर अर्थिंग स्वतः तपासतो आणि ते ठीक नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. सोलापूरची जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी पडते की पावसाळ्यात उत्तम चालणारे अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत कमजोर होते आणि आदल्या आठवड्यापर्यंत व्यवस्थित चार्ज होणारी गाडी एके रात्री लाल दिवा दाखवू लागते. अशा वेळी गाडीत बिघाड झाला असे समजून लोक थेट सर्व्हिस सेंटर गाठतात. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजून घ्यावा, तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतत राहावे. जुनी वास्तू असेल तर नवीन खड्डा घेऊन वेगळी इलेक्ट्रोड बसवणे चांगले, त्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

यासोबत वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेण्याची मंजुरी आहे तो आकडा, पाहावा. अनेक घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो आणि गाडीसाठी तो वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे करावा लागतो. गाडीसाठी स्वतंत्र मीटरही घेता येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गाडी बुक करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कोणत्या मार्गाने जाईल हे कागदावर काढून घ्यावे. तोंडी होकारावर विसंबू नये. जुन्या गावठाणात, जिथे गाडी रस्त्यावर उभी राहते, तिथे खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडून चार्जिंग करण्याचा मोह होतो. ते धोक्याचे आहे आणि तसे कधीही करू नये. घराजवळ किंवा कामाच्या जागी चार्जिंगची खात्रीची सोय नसेल, तर आज तरी त्या कुटुंबाने इलेक्ट्रिक कार घेऊ नये, असेच मी सांगेन.

बॅटरी किती मोठी असावी

जाहिरातीतला रेंजचा आकडा ठरावीक चाचणीतून आलेला असतो. प्रत्यक्ष वापरात त्याच्या 65 ते 75 टक्के धरावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बॅटरीच्या युनिटांवरून आपला आकडा आपणच काढणे. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलावरचे एक युनिट. साधारण आकाराची इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये शहरात साडेसहा-सात किलोमीटर आणि महामार्गावर साडेपाच-सहा किलोमीटर जाते. पेट्रोलच्या गाडीच्या उलट, इथे शहरात जास्त आणि महामार्गावर कमी मिळते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शहरात ब्रेक लावताना काही वीज परत बॅटरीत जाते. बॅटरी 15 टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही असे ठरवले, तर पूर्ण भरलेल्या बॅटरीतले 85 टक्के वापरायला मिळतात.

आता हा हिशेब आपल्या गावांना लावून पाहू. टाटा टियागो ईव्हीच्या 24 युनिटच्या बॅटरीतून वापरण्याजोगी 20 युनिट मिळतात, म्हणजे सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. तुळजापूर जाऊन-येऊन नव्वद आणि अक्कलकोट ऐंशी किलोमीटर होते, म्हणजे दोन्ही आरामात बसतात. पंढरपूर मात्र जाऊन-येऊन दीडशेच्या घरात जाते आणि तिथे ही गाडी कमी पडते. एमजी विंडसरसारख्या 38 युनिटच्या गाडीला पंढरपूर सहज जमते आणि विजापूर जाऊन-येऊन अगदी काठावर येते. टाटा नेक्सॉन ईव्ही 30 आणि 45 अशा दोन बॅटऱ्यांत मिळते आणि ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक 42 आणि 51.4 युनिटमध्ये. महिंद्रा बीई 6 ची बॅटरी 59 किंवा 79 युनिटची आहे. एमजी कॉमेट ही 17 युनिटच्या आसपासची छोटी गाडी आहे आणि तिला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे रस्त्यावरच्या चार्जिंग केंद्रात होणारे जलद चार्जिंग, नाही, त्यामुळे ती शहरातल्या शहरात वापरायची दुसरी गाडी म्हणूनच घ्यावी.

तुळजापूरच्या घाटाबद्दल बऱ्याच जणांच्या मनात शंका असते, तिचे उत्तर गणितानेच देता येते. तुळजापूर सोलापूरपेक्षा सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे. माणसे आणि सामान धरून पावणेदोन टनांची गाडी तेवढी वर चढवायला जेमतेम एक युनिट जास्त लागते आणि उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो. पौर्णिमेच्या गर्दीत एसी लावून तासभर रांगेत थांबावे लागले तर जवळपास तेवढीच वीज जाते. घाटाची धास्ती घेऊन मोठी बॅटरी घेण्याचे कारण नाही.

खरा विचार करायला लावणारा रस्ता म्हणजे पुणे. अडीचशे किलोमीटरचे हे अंतर ताशी नव्वदच्या वेगाने काटायचे तर 45 युनिटची गाडीही साधारण 230 किलोमीटरवर 15 टक्क्यांपर्यंत येते, म्हणजे वाटेत एकदा थांबणे आलेच. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या पट्ट्यात चहा-नाश्त्याला अर्धा तास थांबून डीसी फास्ट चार्जरवर गाडी लावली की पुढचा प्रवास निश्चिंत होतो. फक्त एकाच चार्जरच्या भरवशावर निघू नये. निघण्यापूर्वी ॲपवर दोन-तीन ठिकाणे पाहून ठेवावीत आणि पहिला चार्जर बंद निघाला तर दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याइतकी बॅटरी हाती ठेवावी. पुण्याला महिन्यातून एक-दोन खेपा असतील तर हे सहज जमते. आठवड्यातून तीन वेळा पुणे किंवा तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद करणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र 60 युनिटच्या खालची गाडी पाहू नये, किंवा सध्या डिझेलवरच राहावे.

आपला उन्हाळा

परदेशी लेखांत थंडीमुळे रेंज घटते यावर फार भर असतो. सोलापूरला ती चिंता नाही. आपली चिंता 42-43 अंशांच्या दुपारची आहे. उष्णता बॅटरीच्या आयुष्यावर परिणाम करते, म्हणून बॅटरी थंड ठेवणारी द्रवरूप कूलिंगची व्यवस्था गाडीत आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. बॅटरीचे रसायन कोणते हेही विचारावे. एलएफपी प्रकारची बॅटरी उष्णता अधिक चांगली सोसते आणि जास्त वेळा चार्ज करता येते, एनएमसी प्रकारची तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते. आपल्या हवामानात पहिला प्रकार मी पसंत करेन. उन्हात तापलेली गाडी लगेच फास्ट चार्जरला लावली तर चार्जिंगचा वेग गाडी स्वतःच कमी करते. शक्यतो गाडी सावलीत उभी करावी आणि घरचे चार्जिंग रात्री उशिरा, हवा निवल्यावर सुरू होईल असा टायमर लावावा.

पैशांचा हिशेब

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. रोज चाळीस किलोमीटर फिरले की महिन्याला दोनशेच्या वर युनिट वाढतात आणि दीडशे युनिटचे घर एकदम तीनशेच्या पुढच्या टप्प्यात जाते. म्हणून गाडीची वीज सरासरी दराने न मोजता बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने मोजावी. युनिटला 15 रुपये धरले तरी किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात, तर पेट्रोल शंभराच्या पुढे आणि मायलेज पंधरा धरल्यास सात रुपये. किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचले आणि गाडी पेट्रोलच्या जोडीदारापेक्षा अडीच लाखांनी महाग असली, तर साधारण पंचावन्न हजार किलोमीटरवर ती रक्कम वसूल होते. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी चार वर्षांच्या आत लागतात, रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्याला पंधरा. दुसऱ्या माणसाने केवळ बचतीसाठी ही गाडी घेऊ नये.

हे गणित पार बदलते ते छतावरच्या सौर पॅनलमुळे. सोलापूरच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटसाठी 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. तीन किलोवॅटमध्ये घर आणि गाडी दोन्हींचा बराचसा भार निघतो. स्वतःचे छत असलेल्यांनी गाडी आणि सौर हे दोन्ही निर्णय एकत्रच घ्यावेत.

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात 15 टक्के सवलत मिळते. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणातली टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांच्यासाठी आहे, सोलापूर-पुणे रस्त्याचा टोल मात्र आपल्या हिशेबात धरूनच ठेवावा.

बॅटरीची वॉरंटी अनेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर देतात. पण क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत स्वतः वाचावे. उच्च दाबाच्या बॅटरीचे काम सोलापुरातच होते की गाडी पुण्याला उचलून न्यावी लागते, हेही लेखी विचारावे. काही मॉडेलांत स्टेपनी नसते, नुसता पंक्चर किट मिळतो. शेताच्या, खेड्याच्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांनी ही गोष्ट डावलू नये.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. सात रस्त्यापर्यंत जाऊन परत येणे म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नव्हे. घरची चार माणसे बसवून, भर दुपारी एसी लावून, तुळजापूर रोडवर किमान तीस-चाळीस किलोमीटरची फेरी मारावी. निघताना गाडीचा ट्रिप मीटर शून्यावर आणून घ्यावा आणि परत आल्यावर पडद्यावरचा एका युनिटमागे किती किलोमीटर हा आकडा टिपून घ्यावा. मागच्या सीटवर ज्येष्ठ माणसांचे गुडघे वर येतात का, हेही त्याच फेरीत पाहावे, कारण बॅटरी खाली असल्यामुळे काही गाड्यांत फरशी उंच झालेली असते. एवढी फेरी द्यायला विक्रेता तयार नसेल, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या विक्रेत्याकडे जावे आणि तोवर बुकिंगची रक्कम भरू नये.