भाजी-फळं ताजी बघून घ्यायची कशी आणि घरी टिकवायची कशी

भाजी तोडली म्हणजे संपली असं नसतं, तोडल्यानंतरही ती श्वास घेत असते आणि आतली साखर, पाणी हळूहळू वापरत असते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचतं, कारण आपल्याला करायचं एवढंच की तिचा श्वास जरा मंद करायचा आणि आतलं पाणी आतच राहू द्यायचं.

घेताना शक्यतो सीझनचंच घ्या, ते जास्त दिवस कोल्ड स्टोरेजमधे पडलेलं नसतं. संत्री, लिंबं, कलिंगड हातात तोलून बघा, सारख्या आकाराच्या दोघांत जे जड लागेल त्यात रस जास्त. कलिंगड जमिनीला टेकलेलं असतं तिथे डाग असतो, तो चांगला पिवळा हवा, पांढरट असेल तर लवकर तोडलंय समजा. भेंडीचं टोक कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर निबर (दोन-तीन मोडून बघा, पुरे, सगळा ढीग नको!). वांगं चकचकीत हवं, साल निस्तेज झाली की आत बिया पक्क्या झालेल्या असतात. पालेभाजीची जुडी मात्र रबर काढून मधे उघडून बघाच, बाहेरून हिरवीगार आणि आत चार पानं काळी चिकट असतात, तीच दोन दिवसात बाकीची नासवतात.

फळांचं एक लक्षात ठेवा, केळी, आंबा, पपई, चिकू, पेरू, टोमॅटो हे घरी आणल्यावरही पिकतात, त्यामुळे थोडे कच्चे घेतले तरी चालतात. द्राक्षं, संत्री, डाळिंब, स्ट्रॉबेरी घरी ठेवून गोड होत नाहीत, ती तयारच घ्यायची.

आता साठवणं. सगळ्यात जास्त नासाडी ओलाव्याने होते. मी आधी कोथिंबीर आणली की लगेच धुवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे आणि तिसऱ्या दिवशी खाली चिकट काळा लगदा, फार वाईट वाटायचं. आता धुतच नाही, खराब पानं काढते, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवते, कापड ओलसर झालं की बदलते, आठवडाभर सहज टिकते. धुवायचं ते वापरायच्या वेळी. गाजर-मुळ्याचा पाला आणल्या आणल्या कापून टाका, तो कंदातलं पाणी ओढत राहतो.

सगळंच फ्रिजमधे कोंबू नका प्लीज. केळ्याची साल थंडीने काळी पडते, टोमॅटोचा वास आणि चव जाते, बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते मग तळले की लवकर काळपट होतात. बटाटे अंधारात हवेशीर टोपलीत ठेवा, उजेडात हिरवे पडतात, आणि तो हिरवेपणा आला की त्या भागात विषारी सोलानिन वाढलेलं असू शकतं, थोडा असेल तर खोलवर कापून काढा, जास्त असेल तर बटाटाच फेका. कांदे वेगळ्या टोपलीत, दोघं एकत्र ठेवले तर लवकर खराब होतात.

अजून एक, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, सफरचंद, केळी यात पुढे. त्यांच्याजवळ पालेभाजी किंवा काकडी ठेवली तर लवकर पिवळी पडते, म्हणून लांब ठेवा. हाच वायू कामालाही येतो, कच्च्या पपईबरोबर एक पिकलेलं केळं कागदी पिशवीत ठेवलं तर पपई लवकर तयार होते.

कापलेलं फळ मात्र दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमधे गेलंच पाहिजे. आणि मऊ फळावर बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून खाऊ नका, ती आतपर्यंत पसरलेली असते.

पालक, कोथिंबीर नुसती मलूल झाली असेल तर लगेच टाकून देऊ नका हं. देठांची टोकं थोडी कापून जुडी ग्लासभर थंड पाण्यात उभी करा, अर्ध्या-एक तासात पानं परत ताठ होतात.