मित्र सिंहगड-राजगड-तोरणा पळणार असेल तर खाली गाडीत बसणाऱ्याने काय करायचं

सिंहगड-राजगड-तोरणा लोक आरामात दोन-तीन दिवसांत करतात, राजगडावर मुक्काम टाकतात, पिठलं-भाकरी खातात, फोटो काढतात. आमच्यातल्या काहींना मात्र तो ट्रेक एका दिवसात पळत काढायची खाज असते, ५० किलोमीटरच्या आसपास अंतर, तीन गड चढायचे आणि तिन्ही उतरायचे. मी पळत नाही, डावा गुडघा केव्हाच गेलाय, पण आठ वर्षांत अकरा वेळा कुणाचा ना कुणाचा सपोर्ट केलाय. रेस नाही बरं का, रेसमध्ये व्हॉलंटियर असतात. मी बोलतेय ते आपणच ठरवून, आपलीच गाडी घेऊन, एकाच येड्यासाठी जायचं त्याबद्दल. 'मोटिव्हेट करा, पॉझिटिव्ह बोला, टाळ्या वाजवा' असे सल्ले वाचले की माझं डोकं फिरतं. टाळ्या वाजवून कुणी तोरणा चढत नाही.

बॅग काय भरायची, टॉर्चचे सेल, डिझेल, हे तुम्हाला कळतं. डिसेंबर-जानेवारी सोडून दुसरं काही निवडू नका, हेही. पावसाळ्यात म्हणत असेल तर दुसरा मित्र शोधा.

गाडी कुठे लावायची

पहाटे चारला आतकरवाडीत, म्हणजे सिंहगडाच्या पायथ्याला, त्याला सोडायचं. तो सिंहगड चढतो, कल्याण दरवाजातून बाहेर पडून डोंगरधारेने विंझरकडे उतरतो. तुम्हाला भरपूर वेळ आहे, गाडी खानापूरवरून पाबे घाटाने काढा आणि वेल्ह्याच्या बाजूने विंझरला या. हायवेने नसरापूरवरूनही येता येतं, पण वळसा पडतो. पुढचा थांबा गुंजवणे, म्हणजे मार्गासनीवरून साखर आणि मग गुंजवणे. तिथून तो चोर दरवाजाने राजगड चढतो, संजीवनी माची, अळू दरवाजा, आणि तोरण्याकडे जाणाऱ्या सोंडेवर येतो. ह्या सोंडेला वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता आडवा जातो, तिथल्या खिंडीत तिसरा थांबा. शेवट वेल्हे. चारच जागा आहेत, पाचवी शोधू नका, उगाच चुकामूक होते.

वेळा लिहून द्या, त्याच्याकडे एक कागद आणि तुमच्याकडे एक. आमच्या साध्या पळणाऱ्यांचं गणित साधारण असं असतं: विंझर नऊ, गुंजवणे साडेदहा-अकरा, खिंड तीन-साडेतीन, वेल्हे अंधार पडल्यावर. फोनच्या भरवशावर राहायचं नाही, धारेवर रेंज येते आणि तुम्ही खाली असता तिथे नसते. म्हणून आधीच ठरवायचं की लिहिलेल्या वेळेपेक्षा दीड तास उशीर झाला तर मी गडाकडे चालायला लागणार, तोपर्यंत जागा सोडणार नाही. हे ठरलेलं नसलं की एक माणूस वर शोधतो आणि दुसरा खाली, मी अनुभवलंय.

विंझरला काही विशेष करायचं नाही. बाटल्या बदला, केळं हातात द्या, हाकला.

गुंजवणे, म्हणजे जिथे सगळं बिघडतं

इथे जरा बसून वाचा, कारण मी सगळ्यात मोठी माती इथेच खाल्ली.

सिंहगड ते विंझर ह्या धारेवर सावली नावाला नाही. डिसेंबर असला तरी नऊनंतर, म्हणजे विंझर सोडल्यावर, ऊन चावायला लागतं, वाळलेलं गवत, खाली तापलेला मुरूम. गुंजवण्यात माणूस येतो तो भाजून आलेला असतो आणि समोर राजगड उभा दिसतो, बालेकिल्ल्यासकट, आणि त्याच्या मागे तोरणा बाकीच आहे हे त्याला माहीत असतं. दहापैकी आठ जण इथेच म्हणतात, बास, मला नाही जमत. आता सपोर्टवाल्याचं खरं काम हे की हा माणूस दमलाय की आजारी आहे ते ओळखायचं. बाकी सगळं हमाली.

माझं दुसरंच वर्ष होतं. मित्र, त्याला इथे बंड्या म्हणू, चाळीस मिनिटं उशिरा आला, चेहरा सुजल्यासारखा, येऊन ओकला. मी मनाशी म्हटलं ऊन लागलंय, पाणी कमी पडलंय. म्हणून पाणी पाजलं, साधं पाणी, जवळजवळ लिटरभर, वर एक जोरदार भाषण दिलं, मावळे कसे चढले असतील वगैरे वगैरे, आणि पाठवला वर. तो अंगठी ओढून बघत होता, निघत नाहीये म्हणाला, ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. अर्ध्या चढावर तो कारवीत बसला, एका ट्रेकर ग्रुपने हाताला धरून खाली आणला तेव्हा त्याला आपण कुठल्या गडावर आहोत ते सांगता येत नव्हतं. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम १२६. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. म्हणजे बंड्याला पाणी कमी पडलं नव्हतं, जास्त झालं होतं. सकाळपासून सगळे त्याला पाणी पी पाणी पी म्हणत होते आणि तो गुणी बाळासारखा पीत होता, आणि शेवटचा लिटर माझा.

डॉक्टरांनी समजावलं ते असं की तासन्‌तास कष्ट चालू असले की शरीर पाणी धरून ठेवतं, जास्तीचं पाणी लघवीवाटे टाकतच नाही, मग रक्त पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. लोक मरतात याने. म्हणून 'दर वीस मिनिटांनी पाणी प्यायचंच' असं कुणी शिकवत असेल तर त्याच्या नादी लागू नका. तहान लागली की प्यायचं, तहान नसेल तर नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, ते अख्खं अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबायचं नाही, पोट बिघडतं. आणि ओआरएस आहे म्हणून ढोसा असंही नाही, त्यात सोडियम रक्तापेक्षा जवळजवळ निम्मंच असतं, अती प्यालं तर तेही नडतं.

तेव्हापासून गुंजवण्यात मी काय करते ते सांगते. आधी हात बघते. मिठी मारायच्या आधी, हो. अंगठी, घड्याळाचा पट्टा, मोज्यांची वरची कड. बोटं फुगून पट्टा रुतला असेल आणि सोबत डोकं दुखतंय किंवा मळमळतंय असं म्हणाला, तर साधं पाणी बंद. नुसती बोटं जराशी सुजलेली बऱ्याच जणांची असतात, हात खाली लोंबकळत ठेवून तासन्‌तास चाललं की होतं, त्याने घाबरायचं नाही. उलट तोंड कोरडं, तहान प्रचंड, लघवी थोडी आणि गडद, तर पाणी हवंय, मीठ घातलेलं द्या, घोट घोट.

मग बोलतं करते. कसं वाटतंय असं विचारत नाही, त्याला उत्तर एकच, वाईट वाटतंय. विंझरला काय खाल्लंस, आता पुढे कुठला दरवाजा, असं विचारते. जो माणूस म्हणतो 'अगं खड्ड्यात गेला तो दरवाजा, मला परत कधी आणू नकोस इथे', तो ठणठणीत आहे. शिव्या देणाऱ्याला खुशाल वर पाठवा. गप्प झालेला, प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणणारा, तुमच्याकडे न बघता बोलणारा, तो बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. असंबद्ध बोलला, तोल गेला, ओकाऱ्या थांबेनात, तर विषय संपला, गाडीत घाला, १०८ लावा किंवा सरळ दवाखाना. तिथे त्याचं मत विचारायचं नाही आणि त्याने वर्षभर किती प्रॅक्टिस केली हेही आठवायचं नाही.

आता समजा तो नुसता दमलाय. मग खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, म्हणजे एक मोठं केळं आणि वर एखादा राजगिऱ्याचा लाडू, एवढंच, पण सात तासांनी तेवढंही घशाखाली उतरत नाही. काय देऊ असं विचारलंत की 'काही नको' हेच येणार. विचारायचं नाही. हातात ठेवायचं. दोनच वस्तू, एक गोड एक खारी, जी खाल्ली ती खाल्ली. माझा हुकमी एक्का म्हणजे भाताची पातळ पेज, थर्मासमध्ये, मीठ जरा जास्त आणि वरून लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार. सकाळपासून चिक्की, खजूर, जेल खाऊन तोंड गोडमिट्ट झालेलं असतं, त्यावर ही पेज लागली की डोळे उघडतात. उकडलेला बटाटा मिठात घोळवून, तोही चालतो. कोकम सरबत मीठ घालून, साखर कमी. वडापाव, मिसळ, साबुदाण्याची खिचडी, तेलातलं काहीही नाही. एकाच्या भावजींनी प्रेमाने मार्गासनीवरून गरम भजी आणली होती, ती चोर दरवाजाच्या उंचीपर्यंत येऊन परत बाहेर आली. भजी भावजींनी खावीत.

पोट ढवळत असेल तर खायला लावू नका. सावलीत बसवा, मानेवर ओलं फडकं, दहा मिनिटं काहीही नाही, मग पेजेचे दोन घोट, मग चालायला लावा, पळायला नाही. पोट चालता चालता सुधारतं. पळताना रक्त पायांकडे गेलेलं असतं, पोटाच्या वाट्याला उरत नाही, म्हणून जरा दम धरायचा.

एरवी थांबा दहा मिनिटांचा. खुर्ची द्यायचीच तर टेकवाली नको, स्टूल द्या किंवा गाडीची डिकी. बंड्याच्या वेळी मी फोल्डिंग आरामखुर्ची नेली होती, आता ती आमच्या गॅलरीत असते. मोजे बदला, फोड असेल तर टेप, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन, लाजायचं त्याने, तुम्ही नाही.

दोन गोष्टी माझ्यासमोर कुणी केल्या तर मी भांडते. एक, 'थोडंच राहिलंय' म्हणणं. राहिलेलं नसतं थोडं, त्याला माहीत असतं, आणि एकदा खोटं पकडलं की पुढे तुमच्या कशावरच त्याचा विश्वास बसत नाही. खरं सांगा, पुढे दीड तास चढ आहे, चोर दरवाजाखाली रेलिंग आहे तिथे हात वापर, वर पद्मावती तलावाजवळ बस. दुसरी, दुखतंय म्हणून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक देणं. उन्हात, घाम गेलेला, स्नायू फाटलेले, त्यात ह्या गोळ्या किडनीवर येतात. मी पेटीत ठेवतच नाही, म्हणजे मोह नको.

खिंड आणि पुढे

राजगडावरून तो खिंडीत येईपर्यंत तुम्ही जेवून घ्या, झोपा तासभर. खरंच झोपा, रात्री गाडी तुम्हालाच चालवायचीय.

खिंडीपासून पुढे त्याला एकटं सोडायचं नाही. ताज्या पायांचा एक माणूस सोबत द्या, त्याच्याकडे स्वतःचा हेडलॅम्प आणि पाणी वेगळं. तोरण्याच्या बुधला माचीकडे चढताना कातळ लागतो, वारा असतो, आणि तोपर्यंत उजेड उतरलेला असतो. १४०३ मीटरवर संध्याकाळी अंगातला घाम गार पडतो तेव्हा विंडचीटर सोबतच्या सॅकमध्ये हवा, गाडीत नाही. सोबतच्याने चढताना मागे राहायचं, म्हणजे दमलेला आपल्या वेगाने जातो, आणि बिनी दरवाजातून वेल्ह्याकडे उतरताना पुढे, वाट दाखवत. गप्पा मारायच्या पण प्रश्न विचारायचे नाहीत, ऑफिसमधल्या कटकटी सांगत सुटा, त्याला नुसतं ऐकायचं असतं.

वाटेत मधमाश्यांची पोळी दिसली तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको, गप निघा.

वेल्हे

कोरडे कपडे, गरम काहीतरी, खारट काहीतरी. पाचेक मिनिटं चालवा मग बसवा, एकदम गाडीत कोंबलंत तर चक्कर येते. बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिकीत, काच खाली.

परतीच्या वाटेवर लघवीला लागली का ते विचारा, पेनकिलर मागितली तरी त्याच्या आधी नाही म्हणजे नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून अभिनंदन वगैरे नंतर, आधी लाज सोडून विचारायचं, लघवीचा रंग कसा होता. पिवळी असेल तर झोप म्हणावं. कोकाकोलासारखी असेल किंवा झालीच नसेल तर कपडे घाल, मी खाली गाडी घेऊन येतेय.